ती कलमांबद्दल बोलली, तुम्ही वडिलांबद्दल ऐकलंत

पत्र

ताई, नमस्कार. देवगड तालुक्यात आमची वडिलोपार्जित आंब्याची बाग आहे, दीडशेच्या आसपास कलमं, त्यातली साठेक माझ्या वडिलांनी कातळात सुरुंग लावून, डोक्यावरून माती वाहून लावलेली. माझं वय ५७. मुलगी दापोलीला अ‍ॅग्री करून दोन वर्षांपूर्वी घरी आली, बागेत लक्ष घालते म्हणाली, बरं वाटलं. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ओसरीवर शेजारचे दोघे आणि बागेतले गडी बसलेले, त्यांच्यासमोर ती म्हणाली, बाबा, आजोबांची कलमं आता अर्ध्यावर छाटायला हवीत, आणि फुलोऱ्यात तुम्ही फवारता ते चुकतंय. शेजारचा हसला, म्हणाला आता पोरी शिकवतले आंबो. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, माका शिकव नको गो, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी आंबो काढतंय. ती उठून आत गेली. आज २३ दिवस झाले, बोलणं बंद. बायको इकडचे निरोप तिकडे करते. बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं तर सगळे माझ्या बाजूने. पण झोप लागत नाही. मला कोणी वेगळं काही सांगितलं की कानात वाफ भरल्यासारखं होतं, पुढचं ऐकूच येत नाही. मी चुकतोय का? आणि चुकत नसेन तर झोप का लागत नाही?

– एक बागायतदार

उत्तर

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या ओळीवर थांबले. आपलंच खरं असं ज्याला पक्कं वाटतं तो पत्र लिहीत नाही हो, तो गाढ झोपतो. तुम्ही जागे आहात कारण मुलीचं बोलणं तुमच्या आत कुठेतरी पोचलंय आणि तुम्ही त्याला अजून दार उघडलेलं नाही, ते बाहेर ओसरीवरच बसून आहे.

आंब्यात कोण बरोबर याचा निकाल मी देणार नाही, तो माझा अधिकार नव्हे. माझं माहेर राजापूर तालुक्यातलं, कलमांच्या बागेतलंच, त्यामुळे दोन गोष्टी मला कळतात त्या पुढे लिहिते. पण आधी ते वाफेचं. ती वाफ मला चांगली माहितीये, आणि ती माझ्या कानात भरली तेव्हा काय झालं ते सांगितल्याशिवाय तुम्हाला काही सांगायचा मला हक्क नाही असं वाटतं, म्हणून जरा लांबण लावते.

मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. सुरुवातीची काही वर्षं मालवण तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत होते. तेव्हा माझं एक ठाम मत होतं की मुलांनी शाळेत शुद्धच बोललं पाहिजे, मालवणी घरी ठेवून यायची, नाहीतर पुढे हायस्कूलात, नोकरीत, मुंबईत यांचं काही खरं नाही. हे मत मी काही वाईट मनाने धरलं नव्हतं, मला ती मुलं पुढे जायला हवी होती. तर माझा नियम असा, मूल काही मागायला आलं की ते आधी नीट वाक्यात मागायचं, मग मिळणार. पहिलीतला एक मुलगा होता, सहा-सात वर्षांचा, बारीक, मोठे कान. तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणायचा, बाई, माका पाणी व्हया. मी म्हणायचे, कसं म्हणायचं? मला पाणी हवं आहे, म्हण बघू. तो अडखळायचा, मागची मुलं हसायची, मग कसंबसं म्हणायचा आणि माठाकडे जायचा. थोड्या दिवसांनी तो यायचाच बंद झाला. मला वाटलं, शिस्त लागली.

मग एक दिवस त्याची आई शाळेत आली. डोक्यावर रिकामी टोपली, बाजारातून मासे विकून परत चाललेली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, बाई, तुमी शिकवतास ता बरोबरच आसतला. पण माझो झील घराक इलो काय पयले दोन तांबे पाणी पिता. साळेत तेका तान लागणा नाय काय?

एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. आणि माझ्या कानात तुमच्यासारखीच वाफ. मी काय ऐकलं सांगू? मी ऐकलं, तुम्हाला शिकवता येत नाही. मी ऐकलं, डी.एड. करून आलात पण एका पोराला सांभाळता येत नाही तुम्हाला. मी तिला चांगली दहा मिनिटं भाषेचं महत्त्व सांगितलं, ती टोपली या हातातून त्या हातात करत ऐकत राहिली, आणि बरां म्हणून गेली.

मला ते आठ-दहा दिवस पुरलं. खोलीवर आले की हंड्यात तांब्या बुडवताना तिचं वाक्य आठवायचं आणि मी मनातल्या मनात तिला उत्तरं द्यायचे, एकापेक्षा एक चांगली उत्तरं, आणि एका रात्री लक्षात आलं की ह्यातलं एकही उत्तर तिच्या प्रश्नाचं नाहीये. तिने मालवणीबद्दल काही विचारलंच नव्हतं. तिने विचारलं होतं, पोराला तहान लागत नाही का. दुसऱ्या दिवशी शाळेत मी काही केलं नाही, फक्त माठाकडे लक्ष ठेवलं. मधल्या सुट्टीपर्यंत पहिलीतलं एकही मूल माठापाशी गेलं नाही. मे महिना जवळ आलेला, पत्र्याची शाळा, आणि एकही मूल नाही. तो एकटा नव्हता, सगळीच तहानलेली बसत होती माझ्यासमोर, आणि मी त्याला शिस्त म्हणत होते.

मधली सुट्टी संपल्यावर मी स्वतः तांब्या भरला, त्या मुलाजवळ गेले आणि विचारलं, पाणी व्हया? त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग तांब्याकडे, मग सगळं पाणी घटाघट प्यायला. मागून कोणीतरी ओरडलं, बाईंका मालवणी येता!

प्रमाण मराठी मी पुढेही शिकवलीच, आणि त्या मुलांना ती यायलाच हवी होती असं मला आजही वाटतं. म्हणजे माझं मत सगळंच चूक होतं असं नव्हे. पण त्या बाईच्या बोलण्यात असं काहीतरी होतं जे मला टेबलाच्या माझ्या बाजूने दिसतच नव्हतं, आणि मी ते ऐकायच्या आधीच त्याला उत्तर देऊन मोकळी झाले होते. ते आठ-दहा दिवस मुलं तहानलेली राहिली त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता तुमच्या ओसरीवर येऊ. तुमच्या पत्रात मुलीची वाक्यं दोनच आहेत. आजोबांची कलमं अर्ध्यावर छाटायला हवीत. फुलोऱ्यात फवारता ते चुकतंय. बास. आता तुम्ही काय ऐकलंत ते बघा, मी अंदाजाने लिहिते, चुकलं तर सोडून द्या: माझ्या बापाने कातळ फोडून लावलेलं ही करवतीने कापायला निघाली, मी ३०-३५ वर्षं मूर्खासारखा फवारत आलो, आणि हे सगळं गड्यांसमोर. ती कलमांबद्दल बोलली आणि तुम्ही वडिलांबद्दल ऐकलंत. वडिलांबद्दल कोणी असं बोललं तर कुठल्याही मुलाचं डोकं फिरेल, त्यात तुमचं काही चुकलं नाही. फक्त ती तसं बोललीच नव्हती.

आणि त्या शेजाऱ्याचं हसणं. माझ्या मते निम्मं नुकसान त्यानेच केलं. मुलगी तुमच्याशी बोलत होती, तो मध्ये पडला आणि त्या क्षणापासून तुम्ही मुलीला उत्तर देत नव्हतात, त्या हसण्याला देत होतात. तिचंही चुकलं, हे चार लोकांत काढायचं बोलणं नव्हतं, बापाशी बागेत एकटं असताना बोलायचं होतं, आणि हे तुम्ही तिला शांतपणे सांगू शकता, सांगाच. पण चुकीच्या जागी बोललं गेलं म्हणून बोलणं खोटं होत नाही ना.

वाफ भरते त्यावर माझ्याकडे मोठा उपाय नाही, छोटा आहे. त्या दिवशी उत्तर द्यायचं नाही. बघतो, उद्या बोलू, एवढं म्हणून उठायचं. समोरचा बरोबर म्हणून नव्हे, तर त्या घटकेला आपण ऐकतच नसतो म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी पहिलं वाक्य आपलं मत असता कामा नये, तिचं मत असलं पाहिजे, आपल्या तोंडून. म्हणजे, तू असं म्हणतेस का की कलमं फार उंच गेली म्हणून छाटायची? आणि ती हो, हेच म्हणतेय असं म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. ती म्हणेल नाही बाबा, उंचीपेक्षा आत ऊन जात नाही म्हणून म्हणतेय, तर परत तसं म्हणायचं. हे ऐकायला फार साधं वाटतं पण करून बघा, जिभेवर किती जड जातं ते. मी शाळेत पालकांच्या बाबतीत पुढे कायम हे केलं, आणि कितीतरी वेळा असं व्हायचं की मी भांडायला तयार झालेली असायचे त्या गोष्टीवर समोरचा बोलतच नसायचा.

आता आंब्याचं थोडं. मुलगी जे म्हणतेय ते तिने हवेतून काढलेलं नाही. जुन्या, उंच गेलेल्या बागांचं छाटून पुनरुज्जीवन करायचं हे दापोलीचं कृषी विद्यापीठ बरीच वर्षं सांगतंय. ३०-३५ फुटांवर गेलेली कलमं, १० मीटरवर लावलेली तरी आता फांदीला फांदी लागलेली, आत ऊन नाही, मोहोर फक्त वरच्या आणि बाहेरच्या अंगाला, औषध शेंड्यापर्यंत नीट पोचत नाही म्हणून तुडतुडे आणि फुलकिडे वर मजेत, आणि काढणीला माणूस वर चढवायचा म्हणजे जिवाला घोर. हे तुम्ही रोज बघता, मी तुम्हाला काय सांगणार. फुलोऱ्याचं पण तसंच, मोहोर पूर्ण उमललेला असताना कीटकनाशक फवारू नये कारण परागीभवन करणारे किडे मरतात. आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्या आणि मधमाश्या करतात. एका तुऱ्यात शेकडो फुलं, त्यातली बहुतेक नर, फळ धरू शकतील अशी थोडीच, आणि त्या थोड्यांकडे परागकण घेऊन कोणीतरी जायला हवं की नाही. माझे काका मोहोरावर माश्या दिसल्या की कीड पडली म्हणायचे. लहानपणी मीही तेच धरून चालले होते. खूप पुढे एका जानेवारीत, ऊन वर आल्यावर, कलमाखाली शांत उभी राहिले तर अख्ख्या कलमाचा बारीक गुणगुण आवाज येत होता, आणि एक छोटी हिरवट माशी एकाच तुऱ्यावर या फुलावरून त्या फुलावर पाय घासत चाललेली, अंगाला पिवळी धूळ. ती आमचंच काम करत होती. यंदा मोहोर आला की तुम्ही पण उभे राहा, मुलीला घेऊन.

पण तुमच्याकडे जे आहे तेही हवेतलं नाही, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. सुरुंगाच्या खड्ड्यात वाढलेलं कलम आणि भरड मातीतलं कलम एकसारखं नसतं. कुठल्या कलमाची मुळं किती खोल गेली, कुठलं कलम समुद्राकडच्या खाऱ्या वाऱ्याला तोंड देऊन उभं आहे आणि मागच्या चार कलमांना आडोसा देतंय, ते छाटलं तर मागच्यांचं काय, हे तुम्हाला माहीत, तिला कसं माहीत असणार. छाटलेल्या कलमाला खोडकिड्याचा धोका वाढतो, कापलेल्या जागेवर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावून वर सतत लक्ष ठेवावं लागतं, ते कोण ठेवणार? छाटलेलं कलम परत धरायला लागेपर्यंत दोन-तीन वर्षं जातात, तेवढी वर्षं त्या कलमांचं उत्पन्न शून्य, मग पीककर्जाचा हप्ता कशातून? हे सगळे खरे प्रश्न आहेत आणि ते तुम्ही तिला विचारायला हवेत. त्या संध्याकाळी तुम्ही ह्यातला एकही विचारला नाहीत. जन्माच्या आधीपासून आंबो काढतंय म्हणालात. त्यावर ती काय बोलणार? तिच्या जन्माच्या तारखेवर तिचा काय इलाज. तेच जर विचारलं असतंत, बाये, खोडकिड्याचं काय करशील, तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं, नसतं आलं तर शोधावं लागलं असतं. वेगळं मत ऐकून घेणं म्हणजे आपलं सोडणं असं आपल्याकडे का धरतात मला कळत नाही. उलट तेव्हाच आपल्याला माहीत असलेलं कामाला येतं.

एक गोष्ट मनात आली ती लिहिते. आपण झाडालाच कलम म्हणतो. तुमच्या वडिलांनी लावलेलं प्रत्येक झाड हे आधी कोणीतरी चाकूने कापून, दुसऱ्याच्या खोडावर बांधून तयार केलेलं. न कापता राहिलं असतं तर रायवळ, म्हणजे कोयीपासून उगवलेलं साधं आंब्याचं झाड, झालं असतं. आणि हापूस हे नाव तरी कुठलं? पोर्तुगीज अफोन्सो द अल्बुकर्कच्या नावावरून आलेलं, कलमं बांधायची ती रीत पोर्तुगिजांच्या काळात गोव्याकडून आपल्याकडे पसरली. म्हणजे कधीतरी, कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी म्हाताऱ्याने पण म्हटलं असेल की बाहेरच्यांचं हे कापाकापीचं खूळ आपल्या आंब्याला नको. त्याचं ऐकलं असतं तर आज देवगडला विकायला काय असतं? तुमच्या वडिलांनी ती बाहेरून आलेली गोष्ट घेतली आणि कातळावर, जिथे गवत धड उगवत नाही, तिथे ती उभी करून दाखवली. नवीन ऐकून घेणारा माणूस होता तो. करवतीचं नाव काढलं म्हणून त्यांचा अपमान झाला असं मला तरी वाटत नाही.

आणि तुम्ही सुद्धा दापोलीचं आधी घेतलेलं असणार, आठवून बघा. देठासकट आंबा उतरवायचा नूतन झेला दापोलीचाच, फळमाशीचा रक्षक सापळा दापोलीचाच. ते घेताना कानात वाफ भरली नाही कारण ते कोणा परक्या साहेबाने शिबिरात सांगितलं. घरचं मूल सांगतं तेव्हा टोचतं. २०१४ साली युरोपने फळमाशी सापडली म्हणून भारताच्या आंब्यावर बंदी घातली तेव्हा आमच्याकडे पण सगळे चिडले होते, आमच्या आंब्यात माशी नाहीच, हा गोऱ्यांचा कावा आहे वगैरे. पण तपासणी, पॅकहाऊस, प्रक्रिया, सगळं कडक झालं आणि २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठायचा निर्णय झाला. चिडून बसलेल्यांच्या पेट्या काही त्या चिडण्याने गेल्या नाहीत.

ग्रुपचं म्हणाल तर, भाऊ, तुम्ही ग्रुपवर काय लिहिलंत? पोरगी बापाची कलमं छाटायला निघालीये, बरोबर आहे का, असंच ना काहीसं? मग अंगठेच येणार. विचारायचं तर ज्याने छाटणी केलीये अशा एखाद्याच्या बागेत जाऊन विचारा, केलेली जमली त्याला पण आणि केलेली फसली त्याला पण. फसलेल्याकडे जास्त वेळ बसा. आणि सल्ला देणाऱ्याचं त्यात काय आहे तेही बघायचं, औषधाच्या दुकानदाराने दोन फवारण्या वाढवा म्हटलं तर तेही एक मतच आहे पण ते कुठून येतंय ते कळायला हवं. सगळ्याच मतांना पाट मांडून बसवायचं असं मी म्हणत नाही. पोरीच्या जातीला काय कळतं हे तुमच्या शेजाऱ्याचं मत, त्यावर थांबून विचार करण्यासारखं काही नाही. त्याने तो आंब्याबद्दल काहीच सांगत नाही.

आता जरा कडक बोलते, राग मानू नका. हे २३ दिवस जे चाललंय ना, निरोप बायकोमार्फत, ताट वेगळ्या वेळेला, ह्याला आपल्या कोकणात एक शब्द आहे. वाळीत टाकणं. गावाने टाकलं की आपण त्याला अन्याय म्हणतो, २०१६ च्या कायद्याने तर तो गुन्हाच ठरवलाय. दापोलीजवळच्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये एका विधवेशी लग्न केलं तर गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला, आणि त्याची सगळ्यात जास्त झळ बसली ती गावात राहणाऱ्या त्यांच्या आई आणि भावंडांना. त्याच कर्व्यांना १९५८ मध्ये, शंभरीत, भारतरत्न मिळालं आणि आज मुरुड अभिमानाने त्यांचं नाव सांगतं. मला त्यात नेहमी वाटतं ते हे की १८९३ मधली ती मुरुडची माणसं काही राक्षस नव्हती. देवधर्म करणारी, पोराबाळांवर माया करणारी, आपल्यासारखीच माणसं. त्यांना फक्त खात्री होती. आणि खात्री एवढी होती की समोर बसून दोन प्रश्न विचारायची गरज वाटली नाही, उठून गेले. उठून जाणं सोपं असतं. घरातल्या घरात पण आपण तेच करतो, फक्त ठराव होत नाही एवढंच. तुमची मुलगी उठून आत गेली खरी, पण दार तुम्ही लावलंत.

तर काय करायचं. साठच्या साठ कलमांवर आत्ता काहीही ठरवायचं नाही, तिनेही नाही, तुम्हीही नाही. आधी एक साधी गोष्ट करा, ह्याच आठवड्यात. पंपात औषध नको, नुसतं पाणी भरा. वडिलांच्या हातच्या सगळ्यात उंच कलमावर नेहमी फवारता तसं, तुमच्याच पद्धतीने, तुमच्याच गड्याकडून फवारा. मग लगेच, वाळायच्या आत, चढणाऱ्याला शेंड्यावर पाठवा आणि वरची पानं काढून खाली आणायला सांगा. दोघांनी मिळून बघा, पानाची वरची बाजू भिजलीये का, खालची भिजलीये का, आतल्या फांद्यांची भिजलीत का. ती बहुधा म्हणेल वर पोचत नाही, तुम्ही म्हणाल इतकी वर्षं पोचतंय. पान सांगेल. पाण्याने कलमाला काही होत नाही आणि कोणाच्या वडिलांनाही काही होत नाही.

पानं कोरडी निघाली तर चार-पाच कलमं तिला द्या करून बघायला. कुठली ते तुम्ही निवडा, वाऱ्याच्या तोंडावरची नको, आणि ज्या एका कलमाशी तुमची वडिलांची आठवण अडकलीये ते तर नकोच, ते तसंच उंच राहू दे, सगळ्याच गोष्टी उत्पन्नासाठी नसतात. मात्र एक ठरवून ठेवा, आधीच, एका वहीत लिहून, दोघांच्या सह्या करून: तीन वर्षांनी काय दिसलं तर तुम्ही तिचं मान्य कराल आणि काय दिसलं तर ती तुमचं मान्य करेल. किती पेट्या, किती फवारण्या, किती मजुरी, कलमाला खोडकिडा लागला की नाही. आधी नाही लिहिलं तर नंतर दोघंही आपापल्या सोयीचं बघाल, माणूस तसाच असतो. आणि पानं भिजलेली निघाली तर तिला सांगा, बघ, इथे तुझं चुकलं, आणि तिथेच थांबा. मी म्हटलं नव्हतं का, हे नको. कारण फुलोऱ्यातल्या माश्यांचं अजून बाकी आहे, आणि तिथे काय निघेल ते मोहोर आल्यावर कळेल.

बोलायला सुरुवात कशी करू हे तुम्ही विचारलं नाहीत पण तिथेच अडलंय हे मला दिसतंय. माफी मागत बसू नका, आपल्याकडच्या बापांना ते जमत नाही आणि मुलींना ते ऐकवत नाही. सकाळी ती अंगणात दिसली की पंप खांद्याला लावून म्हणा, चल गो, तुझा म्हणणा काय ता बघूया. शेजाऱ्याच्या कानावर जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालात तर आणखी बरं, कारण बोलणं त्याच्यासमोर मोडलं होतं. ती पहिल्या हाकेला येईलच असं नाही, २३ दिवस झालेत. तुम्ही पंपात पाणी भरायला घ्या, हळूहळू भरा. बायकोला त्या दिवशी निरोप न्यायला सांगू नका.

आणि बागेत गेलात की त्या आडोशाच्या कलमाजवळ तिला उभी करा आणि वारा कुठून येतो, कुठल्या महिन्यात फिरतो, खारट झोत लागला की कुठलं पान आधी करपतं, ते दाखवा. ते तिला दापोलीच्या वर्गात कोणी शिकवलेलं नसणार. तिचे प्रश्न येतील, मध्येच बोलेल, बोलू दे.

शेंड्याचं पान भिजलं होतं की नाही ते मला कळवा, दोन्हीपैकी काहीही निघालं तरी. वाट बघतेय.

तुमची ताई